शेठ, कॅमेऱ्याकडे बघू नका

शिरूरच्या बाजारपेठेत एखादं दुकान उघडं असूनही गिऱ्हाइकाला दारातच थांबवलं जात असेल, आत शेठ कोऱ्या सदऱ्यात गल्ल्यावर ताठ बसलेले असतील, नोकर नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने कापडाचे तागे उलगडत असतील आणि एक इसम दुकानातून उलटा चालत रस्त्यावर येत असेल, तर तिथे जाहिरातीचं शूटिंग चालू आहे असं समजावं. उलटा चालणारा तो डायरेक्टर. त्याच्या हातात गिंबल असतो, डोळे स्क्रीनवर असतात आणि मागे त्याचा असिस्टंट त्याच्या शर्टाचं टोक धरून चालत असतो. या असिस्टंटला लायटिंग येत नाही, एडिटिंग येत नाही. पण डायरेक्टर अजून एकदाही गटारात पडलेला नाही, ही त्याची कामगिरी.

असा डायरेक्टर आता प्रत्येक बाजारगावात सापडतो. मी लिहितो आहे तो त्या सगळ्यांचा मिळून एक. त्याचं कार्यक्षेत्र दोन तालुक्यांचं, शिरूर आणि दौंड. सकाळी घोडनदीच्या काठावरून मोटारसायकल काढायची, न्हावऱ्यात पहिला चहा, पारगावजवळ भीमा ओलांडायची, चौफुल्याला दुसरा चहा, आणि पाटसवरून दौंड. पाठीवरच्या सॅकेत कॅमेरा, दोन लेन्स, चार्जर, बायकोचा हातआरसा आणि पावडरचा डबा. असिस्टंटच्या मांडीवर थर्माकोलची पांढरी शीट. तिला ते रिफ्लेक्टर म्हणतात. ही शीट उभी धरली तर वारा गाडीसकट दोघांना उसात नेतो, म्हणून ती आडवी धरायची. चुकून उभी झालीच, तर दौंडला पोचेपर्यंत त्या दिवसाचं लायटिंग अर्धं झालेलं असतं.

मूळचा तो लग्नाचा शूटिंगवाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मग लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. पन्नासात शूटिंगवाला आणि त्याचा असिस्टंट धरायचे म्हणजे घरचे दोन मामा कमी करायचे. मामा वगळून कॅमेरा घेईल असं घर आपल्याकडे अजून झालेलं नाही. सगळ्या तारखा रद्द झाल्या. २९ जूनला सरकारने टिकटॉक बंद केलं, दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने रील आणलं, आणि दुकान अर्धवेळ उघडून उरलेला वेळ घरी बसलेले शेठ लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. डायरेक्टरने वर्म ओळखलं. ‘फोटो व व्हिडिओ शूटिंग’ या बोर्डावर नवं फ्लेक्स चढलं: ‘क्रिएटिव्ह ॲड फिल्म मेकर’. खाली बारीक अक्षरांत: ‘लग्न, मुंज, वास्तुशांतीच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील’.

धंदा बदलला, हात मात्र तोच राहिला. लग्नाच्या शूटिंगचा पहिला नियम असा की एकाही नातेवाइकाचा चेहरा सुटता कामा नये. सुटला की बिलातून पैसे कापले जातात, आणि पुढे दहा वर्षं ‘आमच्या आत्याबाई तेवढ्या दिसल्या नाहीत’ हे ऐकावं लागतं. हा नियम डायरेक्टरच्या रक्तात भिनलेला. त्यामुळे दुकानाची जाहिरात तो दुकानाचं लग्न लागल्यागत काढतो. गंमत म्हणजे शेठलाही तेच हवं असतं. फरक एवढाच की लग्नाला चार तासांचा व्हिडिओ देता येत होता, आणि इथे तीस सेकंदांत अख्खं घर बसवायचं असतं.

सौद्याला सुरुवात नेहमी शेठच करतात.

“एकदम केजीएफवानी झाली पाहिजे बरं का.”

“होईल की. बजेट किती धरलंय शेठ?”

“बजेटचं नको बोलू. आधी काम बघू.”

“पंधरा हजार होतील.”

“पंधरा? अरे, तेवढ्यात मी महिनाभर भोंगा लावून रिक्षा फिरवतो.”

“मग दहा द्या.”

“पाच घे. नाष्टा आमच्याकडून.”

पाच हजारांत केजीएफ. नाष्ट्यासह. डायरेक्टर हो म्हणतो, कारण नाही म्हटलं तर शेठचा भाचा स्वतःच्या मोबाइलवर फुकट काढून देणार असतो. तो भाचा काइनमास्टर ॲपचा शिक्का कोपऱ्यात तसाच ठेवून जाहिरात पाठवतो. एकदा तर एका काकांनी काइनमास्टर हीच त्या दुकानातल्या पंख्याची कंपनी समजून पंखा मागितला होता.

मग शूटिंग. दुकानात एरवी शेठ बोलायला लागले की समोरची बाई एक साडी घ्यायला येऊन चार घेऊन जाते. कॅमेरा लागला की याच शेठच्या तोंडून शाळेच्या पुस्तकातली भाषा येऊ लागते: “आमच्या येथे सर्व प्रकारचे तयार कपडे, साड्या, ड्रेस मटेरियल, टॉवेल, चादरी योग्य दरात मिळतील.” मान ताठ, हात मांडीला चिकटलेले. डायरेक्टर सांगतो, “शेठ, कॅमेऱ्याकडे बघू नका. गिऱ्हाइकाकडे बघा, रोज बघता तसं.” शेठ गिऱ्हाइकाकडे बघतात. गिऱ्हाईक म्हणून उभी केलेली बाई असते त्यांचीच वहिनी. वहिनीसमोर आपण उधारीबद्दल बोलत नाही, हे शेठच्या लक्षात येतं आणि ते पुन्हा कॅमेऱ्याकडे बघतात. मागून थोरले भाऊ विचारतात, “माझं कधी?” त्यांच्यानंतर धाकटे भाऊ, मग अमेरिकेत असलेल्या पुतण्याचा फोटो, मग हार घातलेल्या कैलासवासी वडिलांची तसबीर. तसबिरीवर कॅमेरा हळूहळू जवळ जायचा असतो. काचेत डायरेक्टर स्वतःच दिसतो, म्हणून तो खाली बसून तिरका जातो. शेवटी गल्ल्यावर बसवलेलं सहा महिन्यांचं बाळ, कपाळाला तीट लावलेलं. खाली अक्षरं: ‘भावी संचालक’.

या जाहिरातीत माल कुठे आहे असं कोणी विचारेल. माल कशाला दाखवायचा? हे दुकान कुठे आहे आणि तिथे काय मिळतं हे शिरूरमध्ये न जाणणारा माणूस शोधून सापडणार नाही. पूर्वी टॉकीजमध्ये सिनेमाआधी काचेची स्लाइड लागायची, तीवर दुकानाचं नाव असायचं आणि टॉकीजमधला प्रत्येक जण त्याच दुकानासमोरून चालत आलेला असायचा. तरीही शेठ ती स्लाइड लावत, आणि बायकोला घेऊन ती बघायला जात. पुण्याच्या एजन्सीतला माणूस पहिल्या मीटिंगला विचारतो, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण? आमचा डायरेक्टर विचारतो, “शेठ, सासुरवाडी कुठली?”

हा प्रश्न साधा नाही. जाहिरात पैसे देऊन पसरवायची तर गाव निवडता येतं. शेठ म्हणतात शिरूर टाक, डायरेक्टर गुपचूप सासुरवाडीच्या गावावर पिन टोचतो. संध्याकाळी मेहुण्याचा फोन येतो, “दाजी, बघितलं तुम्हाला मोबाइलमध्ये!” शेठ दुसऱ्या दिवशी उरलेले दोन हजार रोख देतात. विक्री किती वाढली हे कोणी मोजत नाही. मेहुण्याचा फोन आला की जाहिरात लागू पडली.

आवाजाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि घाटातले, म्हणजे शर्यतीच्या चढावरचे, निवेदक मोकळे झाले. एका दमात गाड्याचं, मालकाचं, गावाचं, बैलांचं नाव घेऊन बारी संपायच्या आत सेकंद पुकारणारे ते गळे नुसते घरी बसून होते. डायरेक्टरने त्यातला एक गळा एका मिसळीवर ठरवला. त्या गळ्याला सावकाश बोलणं ठाऊक नाही. सराफाच्या जाहिरातीत ‘घडणावळीवर सूट’ हे दोन शब्द ऐकताना कोणीतरी घाटाच्या माथ्यावर पोचतंय असं वाटतं, आणि ऐकणारा नकळत बाजूला सरकतो. पण १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही कायम ठेवला, आणि जत्रांच्या हंगामात निवेदकाची तारीख मिळेना. डायरेक्टर हुशार. त्याने एका पावसाळ्यात निवेदकाला खोलीत बसवून सुटे शब्दच भरून घेतले: भव्य, दिव्य, शुभारंभ, एकमेव, मोफत, ‘एकदा अवश्य भेट द्या’, आणि एक ते शंभर आकडे. आता तो ते शब्द लागतील तसे जोडतो. ‘मुतखडा’ हा शब्द त्या वेळी भरायचा राहिला. म्हणून मुतखड्याच्या डॉक्टरांच्या जाहिरातीत बाकी सगळं निवेदकाच्या आवाजात आहे आणि तेवढा एक शब्द असिस्टंटच्या.

संगीताचंही असंच. सुरुवातीला तो गाजलेली गाणी लावायचा. कंपनीचा हक्क निघाला की मोबाइलवर आवाज बंद व्हायचा आणि शेठ नुसते ओठ हलवत राहायचे. घरच्यांना ते आवडलं, शेठना नाही. मग त्याने गावच्या जत्रेतली हलगी आणि तुतारी भरून आणली. तीच हलगी साडीच्या दुकानाला, तीच खताच्या दुकानाला, तीच दातांच्या दवाखान्याला. दाढ काढतानाच्या दृश्याला ती फारच बसली.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ, आणि गुऱ्हाळाची जाहिरात हे डायरेक्टरचं आवडतं काम, कारण तिथे त्याला काही मांडावं लागत नाही. चुलवाणातला जाळ, काहिलीतला उकळता रस, वर येणारी मळी काढणारा गुळव्या, सगळं आपोआप पडद्यावर चढतं. लेन्सवर वाफ बसते तेवढीच अडचण. भांडण असतं ते मजकुरावरून. एका गुऱ्हाळाचे मालक आप्पा म्हणाले:

“शुगर बरी होते असं टाक.”

“आप्पा, नाही टाकता येणार. १९५४ चा कायदा आहे. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात केली तर गुन्हा आहे.”

“मग शुगर होत नाही असं टाक.”

“तेही नको.”

“मग काय टाकणार?”

“गोड आहे असं टाकू.”

“ते तर समद्यांनाच ठावं हाय!”

आप्पांचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी ‘केमिकलविरहित’ या शब्दावर तडजोड झाली, तीसुद्धा डायरेक्टरने गुळव्याला बाजूला घेऊन खरं काय ते विचारल्यावर. पाक झाला, काहिल उतरवली, वाफ्यात ओतायची वेळ आली. सोनेरी धार पडली, आणि नेमका त्याच क्षणी असिस्टंट कॅमेऱ्यासमोरून गेला. डायरेक्टर म्हणाला, “मामा, परत एकदा ओता.” गुळव्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाला, “परत म्हणलास तर तुलाच वततो.” ती जाहिरात असिस्टंटच्या पाठीसकट गेली. ‘पारंपरिक पद्धत’ अशी अक्षरं त्या पाठीवर आणून बसवली.

प्लॉटिंगवाल्यांकडून पैसे बरे मिळतात, पण ते काम डायरेक्टरला मनापासून आवडत नाही असं मला वाटतं. ‘महामार्गापासून फक्त ५ मिनिटं’ ही पाच मिनिटं ड्रोनची असतात, हे त्याला ठाऊक आहे, कारण ड्रोन त्याचाच. २०२४ च्या जून-जुलैत शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरकडच्या गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या उठल्या, चोर टेहळणी करतात असा बोभाटा झाला, आणि गावोगावी लोक जागू लागले. नेमक्या त्याच दिवसांत डायरेक्टरला एका प्लॉटच्या जाहिरातीसाठी मावळतीचं सोनेरी ऊन हवं होतं. एरवी बिबट्याच्या धास्तीने दिवस मावळला की दारं लावणारं गाव त्या संध्याकाळी काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बांधावर आलं. डायरेक्टर शांतपणे २०२१ चे ड्रोन नियम सांगू लागला. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, वगैरे. एक म्हातारबाबा पुढे आले. “पावशेर? त्ये काय भेंडी हाय व्हय?” पुढचं बोलणं अवघड जाणार हे ओळखून डायरेक्टरने ड्रोन तसाच गावाच्या मंदिराच्या कळसावर नेला आणि स्क्रीन म्हातारबाबांच्या हातात दिली. अर्ध्या तासाने ज्याच्या-त्याच्या घराचं छप्पर वरून बघण्यासाठी रांग लागली होती. प्लॉट अंधारात बुडाला. ती जाहिरात झालीच नाही. गावाचा मात्र सुंदर व्हिडिओ झाला, आणि तोही फुकट.

आता त्याची सगळ्यात चांगली जाहिरात. दौंड जंक्शनला पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची दिशा बदलते. एका टोकाचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि तेवढा वेळ गाडी उभी. त्या वेळावर दौंडमध्ये किती किटल्या चालल्या असतील! पुढे कॉर्ड लाईन झाली, काही गाड्या स्टेशनात न शिरता बाहेरूनच जाऊ लागल्या. स्टेशनबाहेरच्या एका चहावाल्या अण्णांनी डायरेक्टरला बोलावलं. बजेट दोन हजार. स्टेशनात शूटिंग करायचं तर परवानगी लागते, ती मिळवायला दोन हजार आणि तेवढा धीर पुरला नसता. डायरेक्टर पहाटे रस्त्यावर उभा राहून नुसते आवाज भरून आला. मग दुकानातल्या पत्र्याच्या टेबलावर चहाचा ग्लास ठेवला, कॅमेरा जवळ लावला आणि असिस्टंटला टेबलाखाली बसवलं.

जाहिरातीत एवढंच दिसतं: भरलेला ग्लास. इंजिन सुटल्याचा आवाज येतो. एक हात ग्लास उचलून नेतो. रिकामं टेबल, त्यावर ग्लासाचं ओलं वर्तुळ, लांबवर शिट्टी, रुळांचा खडखडाट. हात ग्लास परत ठेवतो, रिकामा. इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू येतो आणि त्याच क्षणी टेबल हलून ग्लास किणकिणतो. वीस सेकंद, एक शब्द नाही. टेबल असिस्टंटने डोक्याने हलवलं. खर्च चहाचा, आणि एक ग्लास फुटला त्याचा. माझ्या मते या माणसाला जाहिरात म्हणजे काय ते पुरतं कळलेलं आहे. त्याला ते दाखवायची वेळ क्वचित येते, एवढंच.

अण्णांनी ती तीनदा पाहिली. “झ्याक झालीय. पण मी कुठंय?” मग शेवटी चौदा सेकंद वाढले. अण्णा, अण्णांचे बंधू, तसबीर, आणि ‘युवा उद्योजक’ पुतण्या गॉगल लावून. पुढे कोणीतरी तेवढं शेपूट कापून पहिले वीस सेकंद सगळीकडे पाठवले, ते रेल्वेवाल्यांच्या ग्रुपांवर फिरले, आणि अण्णा आजही तो कापणारा माणूस शोधत आहेत. डायरेक्टरवर त्यांना संशय आहे. मलाही आहे.

पैसे वसूल करणं हे या धंद्यातलं सगळ्यात क्रिएटिव्ह काम. शेठ लोक रोख देण्यापेक्षा माल देणं पसंत करतात. डायरेक्टरच्या बायकोने त्याची वही ठेवली आहे. तिच्या हिशोबाने घरात सध्या दोन गिझर, पाच ढेपा गूळ, दोन जिमची वार्षिक सभासदत्वं आणि एक दाढ काढून मिळण्याची सवलत आहे. जिमला कोणी जात नाही. गुळाचं मात्र ती शेजारी विकून रोखीत रूपांतर करते आहे.

एका मंगल कार्यालयाची जाहिरात ठरली तेव्हा तर सगळंच गळ्याशी आलं. लग्नाचा शूटिंगवाला, दुकानांची लग्नं लावून दमलेला, त्याला आता खरोखर लग्नाचं दृश्य हवं होतं आणि नवरा-नवरी आणायला बजेट नव्हतं. पुण्याच्या मॉडेलचा दर ऐकून त्याने फाळक्यांचं उदाहरण काढलं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंखे उभे केले होते. असिस्टंटने हे ऐकलं आणि मिशी चाचपत दोन पावलं मागे सरकला. शेवटी बायकोनेच प्रश्न सोडवला. “मी उभी राहते. पण नवराही घरचाच पाहिजे.” डायरेक्टरने कॅमेरा असिस्टंटच्या हातात दिला, मुंडावळ्या बांधल्या आणि बोहल्यावर चढला. स्वतःच्या लग्नात त्याला जे सुचलं नव्हतं ते सगळं त्याने बायकोला करायला लावलं: हळूच बघ, आता हस, आता नको हसू, अक्षता पडताना डोळे मिटू नकोस. तीही म्हणाली, “तुम्ही आधी कॅमेऱ्याकडे बघणं बंद करा.”

जाहिरात तुफान चालली. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीहून फोन आला. थोरला मेहुणा विचारत होता, मुंडावळ्यांच्या आड चेहरा नीट दिसत नाही, ही कोण? त्याला पटवायला बायकोला स्वतः तासभर बोलावं लागलं.

कार्यालयाच्या मालकांनी पैशाऐवजी एक दिवस हॉल फुकट दिला. तारीख पितृपंधरवड्यातली. त्या दिवशी हॉल तसाही रिकामाच राहणार होता. डायरेक्टरने कुरकुर न करता ती तारीख घेतली. दुकानदार त्या पंधरवड्यात नवं काही उघडत नाहीत, पण दसऱ्याच्या जाहिराती तेव्हाच तयार व्हाव्या लागतात. त्याने एका दिवसात त्या हॉलमध्ये तीन सेट लावले. एका कोपऱ्यात साडीचं दुकान, एका कोपऱ्यात मोबाइलचं, आणि स्टेजवर दातांचा दवाखाना. दुपारी मालक डोकावले. रागावतील असं असिस्टंटला वाटलं होतं, पण ते म्हणाले, “चालू दे. फक्त मागे आमच्या हॉलचं नाव दिसलं पाहिजे.” ते दिसलं. सोबत स्टेजवरची थर्माकोलची ‘शुभविवाह’ ही अक्षरंही दिसली. साडीवाल्यांनी आणि मोबाइलवाल्यांनी ती एडिटिंगमध्ये पुसून घेतली. दातांच्या डॉक्टरांचं अजून कुठे जमलेलं नाही. त्यांनी राहू द्या म्हणून सांगितलं, आणि जाहिरात दोन्ही तालुक्यांत सोडायला जादा पाचशे रुपये दिले, तेही रोख.